डावी लिव्हर जास्त का झिजते?

गेल्या अंकात सायकलच्या दांडीच्या ब्रेकवर, म्हणजे वायरऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकवर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेक पत्रं मराठवाड्यातली, आणि बहुतेकांचा विषय एकच: घरात उभी असलेली वडिलांची, आजोबांची, सासऱ्यांची सायकल. म्हणून या वेळची सगळी जागा ब्रेकच्या लिव्हरला दिली आहे.

प्रश्न : माझे सासरे शिक्षक होते. घाटनांदूरच्या शाळेत ते हर्क्युलस सायकलवर जायचे. सायकल अजून घरी आहे, पण ब्रेक लागत नाहीत. मुलगा म्हणतो, त्या दांड्या काढून वायरचे ब्रेक बसवू. मिस्त्रीही तेच सांगतो. बसवावेत का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, बसवू नका. आधी सायकलची रिंग बोटांनी चाचपून पाहा. बाजूने ती गोलसर लागेल, सपाट भिंत लागणार नाही. हिला वेस्टवुड रिंग म्हणतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा दांडी वर ओढली जाते, तिच्या टोकाचा घोड्याच्या नालेसारखा तुकडा वर सरकतो, आणि त्यावरची दोन रबरं रिंगच्या आतल्या अंगाला, म्हणजे जिथून स्पोक निघतात त्या अंगाला जाऊन टेकतात. वायरचा ब्रेक चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी रिंग आवळतो. त्याला सपाट बाजू लागते, म्हणून तसल्या सायकलींना एंड्रिक जातीची रिंग असते. तुमच्या गोल रिंगेवर त्या ब्रेकचं रबर नुसतं कडेला टेकेल आणि घसरेल. मग रिंग बदला, रिंगेपायी टायर बदला, लिव्हर बदलायची तर हँडलही बदला, कारण दांडीच्या लिव्हर हँडलखालच्या आधारांमध्ये बसवलेल्या असतात. लिव्हर आणि हँडल हा एकच संच समजा. एवढं सगळं झाल्यावर सासऱ्यांची म्हणून फक्त फ्रेम उरेल.

ब्रेक न लागण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. रबरावर नख दाबून पाहा. नख रुतत नसेल तर रबर वाळून दगड झालंय, नवीन घ्या. ही रबरं आजही सायकलच्या दुकानात मिळतात. दांड्या जिथे एकमेकींना जोडल्या आहेत तिथले नट सैल होऊन दांडी घसरलेली असते. रबर आणि रिंग यांत दोन-तीन मिलिमीटर फट राहील अशी दांडी ओढून नट आवळा. लिव्हर जिथे फिरते त्या आधारात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि धूळ धरतं. पावसाळ्यात मात्र जपून चालवायला सांगा. ओल्या लोखंडी रिंगेवर हे ब्रेक उशिरा धरतात, आणि आपली काळी माती मडगार्डात आणि त्या नालेत अशी बसते की काडीने कोरून काढावी लागते.

आता एक काम करा. दोन्ही लिव्हरवरून अंगठा फिरवा. डावीकडची जास्त गुळगुळीत आणि पातळ लागेल, चार बोटं टेकतात तिथला मुलामा उडालेला असेल. उजवी बरीच कोरी असेल. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत उजवी लिव्हर पुढच्या चाकाची आणि डावी मागच्या चाकाची. परभणीत स्टेशनजवळ माझ्या वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाने सायकल नेणाऱ्या प्रत्येक पोराला ते बजावायचे, ‘मागचाच दाब, पुढचा दाबलास तर डोक्यावर पडशील.’ सगळ्यांनाच तशी सवय होती. वर्षानुवर्षं नुसता डावा हात चालायचा. म्हणून दोन लिव्हरची झीज वेगवेगळी असेल तर मला आनंद होतो. ती जोडी पहिल्या दिवसापासून त्या सायकलीवर आहे आणि ती चालवणारा आपल्या भागातला होता, हे मला त्यावरून कळतं. मुलाला ती झीज दाखवा. सासऱ्यांचा हात आहे तो.

प्रश्न : आमच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून रॅले सायकल आणली होती. हँडल आणि ब्रेकच्या लिव्हर काळ्या आहेत. कुणीतरी रंग मारलाय असं वाटतं. तो खरवडून सगळ्याला क्रोम करून घ्यावं म्हणतो. (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : थांबा. रंगाला हात लावू नका.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये क्रोम आणि निकेल मिळेनासं झालं, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी हँडल, लिव्हर, रिंग यांना चकाकीऐवजी काळा भट्टीचा रंग देऊन सायकली विकल्या. रॅलेचा कारखाना नॉटिंगहॅमचा, त्यालाही ते करावं लागलं. तुमच्या लिव्हरवरचा काळा रंग कारखान्यातलाच असू शकतो. तसा असेल तर क्रोमच्या लिव्हरपेक्षा ती दुर्मीळ. आधाराच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही अशा जागी विजेरी मारून पाहा. तिथेही तोच काळा रंग सपाट आणि पातळ असेल, त्याखाली चमक नसेल, तर तो मूळचा समजा. ब्रशच्या रेघा दिसल्या, किंवा रंगाच्या पोपड्याखाली चकाकी दिसली, तर नंतर मारलेला.

सायकलचं वय काढायला मागच्या चाकाचा हब, म्हणजे स्पोक जिथे एकत्र येतात तो मधला भाग, पुसा. त्यावर ‘स्टर्मी-आर्चर’ असं इंग्लंडच्या हब बनवणाऱ्या कंपनीचं नाव असेल तर शेजारी आकडे ठोकलेले असतात, त्यांत हब बनल्याचं वर्ष असतं. चाक मागाहून बदललेलं नसेल तर सायकल साधारण त्याच वर्षाची. 17 सप्टेंबर 1948 च्या आधीची निघाली तर आजोबांनी ती बहुधा निजामाच्या राज्यातले हाली रुपये मोजून घेतली असणार. घरात जुनी पावती आहे का तेही बघा. पावती सापडली तर सायकलच्या कागदांत ठेवा.

क्रोमबद्दल मी इतकं का सांगतो, ते लिहितो. वडिलांची स्वतःची सायकलही रॅलेच होती. ते गेल्यावर मी ती उघडली. लिव्हरवर गंजाचे ठिपके होते, पण डाव्या लिव्हरच्या दांड्यावर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं होतं, आणि नखाने चाचपलं तर कळेल इतकं ते शाबूत होतं. मी दोन्ही लिव्हर मुलामा देणाऱ्या एका दुकानात टाकल्या. आठ दिवसांनी आरशासारख्या लखलखीत आल्या. नाव मात्र गेलं होतं. मुलामा नीट बसावा म्हणून त्यांनी आधी चाकावर घासल्या, त्यात अक्षरंही गेली आणि वडिलांच्या बोटांनी पडलेला खोलगटपणाही गेला. दुकानदाराने त्याच्या मते काम चोखच केलं होतं, आणि घासू नका असं मीही सांगितलं नव्हतं. त्या लिव्हर मी पुन्हा सायकलला लावल्या आहेत, पण हात ठेवला की ओळख पटत नाही.

तेव्हा गंज असेल तर एवढंच करा: रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, कोरडं करून तेलाचा हात फिरवा. क्रोमवरचे तांबडे ठिपके निघतात आणि खालचं क्रोम टिकतं. 1930 च्या आधीच्या सायकलींवर बहुतेक निकेल असायचं, त्याची झाक पिवळसर असते. त्याला हा बोळाही लावू नका, मऊ फडकं पुरे.

प्रश्न : पुण्यातल्या मित्राने मला रेसिंग सायकलच्या वाकड्या हँडलच्या लिव्हरची एक जोडी दिली. तेव्हापासून छंद लागला. संग्राहक कुठल्या लिव्हरला मानतात? सुरुवात कशाने करावी? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : मानाचं पहिलं पान कँपान्योलोचं. इटलीतल्या विचेंझाची ही कंपनी, तिचे ‘रेकॉर्ड’ नावाचे ब्रेक 1968 मध्ये आले, आणि पुढची अनेक वर्षं शर्यतीच्या सायकलीवर तेच हवेत असं झालं. ती लिव्हर हातात घेतलीस की कळेल: कुठे धार नाही, दाबताना खुळखुळ नाही, बोटं आपोआप जागेवर जातात. वजन कमी करायला स्वार तिला भोकं पाडून घ्यायचे. कारखान्यानेही नंतर तशी काढली. हाताने पाडलेली भोकं ओळखायची तर त्यांच्यातलं अंतर बघ, ते कुठेतरी चुकलेलं असतं.

माझं स्वतःचं मन मात्र फ्रान्सच्या मफाकवर आहे. क्लेर्मों-फेराँ गावची कंपनी. तिच्या लिव्हरवर रबराची अर्धी टोपी असते, बाकी ॲल्युमिनियम उघडं. वायर ताणायचा स्क्रू बऱ्याच मॉडेलमध्ये लिव्हरच्याच डोक्यावर, म्हणजे सायकल चालवता चालवता दोन बोटांनी ब्रेक घट्ट करता येतो. कामाची गोष्ट आणि दिसायला साधी, म्हणून मला आवडते. इटलीची युनिव्हर्सल, इंग्लंडची जी. बी. यांनाही मानणारे लोक आहेत. स्वित्झर्लंडच्या वाइनमनच्या आणि त्यांच्याच परवान्यावर सुरुवात केलेल्या जपानच्या डाय-काँपच्या लिव्हर जास्त निघाल्या, त्यामुळे त्या सापडतात आणि परवडतात. तुझी सुरुवात यांनीच होऊ दे. त्यांच्या काही लिव्हरवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की ब्रेक जास्त उघडतो आणि चाक सहज निघतं. ते बटण अडकलेलं नाही ना, हे घेण्याआधी बघ.

तुझी जोडी किती जुनी हे वायरवरून कळेल. वायर लिव्हरच्या डोक्यातून निघून हवेत कमान करत असेल तर जुनी पद्धत. 1980 नंतर वायर हँडलच्या पट्टीखाली लपवायची पद्धत रुळली, आणि 1990 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये आणले.

घेताना चार जागा बघायच्या. लिव्हरचं टोक: सायकल पडली की सगळ्यात आधी ते घासतं. हँडलला धरणारा पट्टा: वाकड्या हँडलचा 23.8 मिलिमीटरचा, सरळ हँडलचा 22.2, एकमेकांना लागत नाहीत. मधली खीळ, जिच्यावर लिव्हर फिरते: 1970 च्या सुमारास हँडलच्या वरच्या भागातून दाबायला जादा लिव्हर लावून द्यायचे. ती वाकते, ब्रेक अर्धाच लागतो, म्हणून संग्राहक ती काढून टाकतात, पण तिच्यासाठी दिलेली लांब खीळ बाहेर आलेली राहते. बाजूला असा खुंट दिसला तर मूळ खीळ शोधावी लागणार हे धरून चाल. चौथी जागा रबराची टोपी. लातूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलीस तर ती तडकणारच. कपड्यात गुंडाळून कपाटात ठेव.

आणि ॲल्युमिनियमची वाकलेली लिव्हर सरळ करायला जाऊ नको. लोखंडी दांडीची लिव्हर लाकडावर ठेवून हळूहळू सरळ होते, ॲल्युमिनियमला मात्र आतून चीर जाते आणि ती नेमकी जोरात ब्रेक दाबल्यावर तुटते. असली लिव्हर फळीवर ठेव, सायकलवर लावू नको.

प्रश्न : भंगारवाल्याकडे दांडीच्या ब्रेकची एकच लिव्हर मिळाली, उजवी, जवळजवळ नवी. हिची डावी कुठे मिळेल? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : त्याच भंगारवाल्याकडे पुन्हा जा आणि हँडल विचारा. लिव्हर सुटी आली याचा अर्थ हँडल कुठेतरी पडलेलं आहे, डावी अजून त्यालाच असेल. झिजलेली आहे म्हणून भंगारवाल्याने ती बाजूला टाकलेली असू शकते. नवी उजवी आणि झिजलेली डावी, हीच जोडी खरी. आधाराचे स्क्रूही उचला. जुन्या इंग्रजी सायकलींच्या बारीक स्क्रूंचे आटे इंचाला 26 असतात, आजचा मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. मूळ स्क्रू मिळालाच नाही तर आधार तसाच ठेवून पत्राने कळवा, माझ्या डब्यात वडिलांच्या दुकानातले थोडे शिल्लक आहेत.