उभी गाडी, चालू जाहिरात

रस्त्यावर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या आणि अंगावर जाहिराती वागवणाऱ्या गाड्यांबद्दल सांगली-मिरजेतून या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतो.

प्रश्न : विश्रामबागला आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी सात महिन्यांपासून एक छोटा हत्ती उभा आहे. मागे शिकवणीच्या क्लासचा मोठा फ्लेक्स. वाहतूक पोलीस म्हणतात महापालिकेला सांगा, महापालिकेत म्हणतात गाडीचं काम पोलिसांचं. आम्ही जायचं कुणाकडे? – एक गृहिणी

दोघांकडेही जा, पण दोन वेगळे अर्ज घेऊन.

तुमचं पत्र वाचून मी ती गाडी बघून आलो. चारही टायर रिमवर बसलेत, पुढच्या चाकाला विटांची उटी आहे, बॉनेटवर गुलमोहराचा पाला कुजून काळा थर साचलाय. फ्लेक्स मात्र कोरा करकरीत, त्यावर यंदाच्या प्रवेशाची तारीख. म्हणजे सात महिन्यांत कुणीतरी शिडी घेऊन आलं, जुना फ्लेक्स उतरवला, नवा ताणून सुतळीनं बांधला आणि निघून गेलं. अशा गाडीला आपण सगळे ‘बेवारस’ म्हणतो आणि तिथेच फसतो. वाहन म्हणून ती मेली आहे. जाहिरातीचा सांगाडा म्हणून ती रोज कामावर आहे. तुमची तक्रारही या दोन्ही बाजूंनी गेली पाहिजे.

पहिला अर्ज वाहतूक शाखेला. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेलं वाहन उचलायचा आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. इथे दहा तासांच्या जागी सात महिने झालेत. अर्जात गाडीचा नंबर, नेमकी जागा, कधीपासून उभी आहे ते लिहा आणि तारखेसह दोन फोटो जोडा, एक टायरचा, एक नंबर प्लेटचा. गाडीमुळे वळणावर समोरचं दिसत नसेल किंवा मुलांना शाळेला जाताना भर रस्त्यावर उतरावं लागत असेल, तर तेही ठळक लिहा. रहदारीला धोका असेल तर दहा तासांची वाट बघायचंही कारण नाही.

दुसरा अर्ज महापालिकेच्या जाहिरात परवान्याचं काम बघणाऱ्या विभागाला. त्यात पार्किंगचा ‘प’सुद्धा काढू नका, नाहीतर तो अर्ज फिरून पोलिसांकडे जाईल. विषय लिहा – ‘विनापरवाना जाहिरात’. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 आणि 245 आकाशचिन्हं (म्हणजे उंचावर उभारलेले फलक) आणि जाहिरातींवरच्या नियंत्रणाची आहेत. त्यांचा उल्लेख करा. या जाहिरातीला परवानगी दिली आहे का, शुल्क भरलंय का, एवढंच विचारा. या अर्जाला फोटो जोडायचा तो फ्लेक्सचा, त्यावरचा फोन नंबर वाचता येईल असा. आरटीओच्या नोंदीतला मालक पुष्कळदा सापडत नाही. गाडी दोनतीनदा विकलेली असते आणि नावावर कुणीच करून घेतलेली नसते. फ्लेक्सवरचा नंबर मात्र कधी खोटा नसतो, कारण त्याच नंबरवर गिऱ्हाईक यायचं असतं.

दोन्ही अर्जांवर आवक शिक्का घ्या. हे सोडू नका.

प्रश्न : फ्लेक्स आम्हीच रात्री फाडून टाकला तर? – मंडळाचे कार्यकर्ते, मिरज

नको. गाडी दुसऱ्याची आहे, उलट तुमच्यावरच नुकसानीची तक्रार होईल. शिवाय पुरावा जाईल. फोटो काढा, अर्ज द्या.

प्रश्न : माझ्या टेम्पोवर माझ्याच दुकानाचं नाव रंगवलंय. रात्री तो दुकानासमोर उभा असतो. हीही बेकायदा जाहिरात का? – फर्निचर विक्रेते, माधवनगर रोड

तुमचा टेम्पो दिवसभर माल पोचवतो आणि रात्री विसावतो. अशा गाडीवर धंद्याचं नाव असण्यात मला काही गैर दिसत नाही. गाडी कशासाठी आहे, हे बघायचं. इंग्लंडच्या 2007 च्या जाहिरात नियमांत हे सरळ मांडलंय : नेहमी फिरतीवर असलेल्या वाहनावरची जाहिरात परवानगीतून सुटते, पण वाहनाचा मुख्य उपयोगच जाहिरात असेल तर ती सवलत नाही. तिथल्या नियोजन कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती मला फार मोलाची वाटते. ज्याच्या मालाची किंवा धंद्याची प्रसिद्धी होते, त्यालाही जाहिरात लावणारा धरलं जातं. ‘गाडी माझी नाही, बोर्ड पेंटरनं लावला’ ही सबब मग चालत नाही.

एक सांभाळा. हौदावर लोखंडी अँगल उभारून उंच फळा बसवायच्या भानगडीत पडू नका. नोंदणी पुस्तकातल्या वर्णनाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगीशिवाय करता येत नाही.

प्रश्न : मोठ्या शहरांनी यावर काय तोडगा काढला? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

लॉस एंजेलिसचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे गाडीपासून सोडवलेल्या ट्रॉल्या फलकांसह रस्त्याच्या कडेला उभ्या करून ठेवायचा धंदाच सुरू झाला होता. 2010 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून शहरांना अशा ट्रॉल्यांवर बंदी घालायचा आणि त्या उचलायचा अधिकार दिला. मग फलक गाड्यांवर चढले, तेव्हा 2011 मध्ये दुरुस्ती करून वाहनाला जोडलेले फलकही कक्षेत घेतले. गाडीच्या पत्र्यावर कायमचं रंगवलेलं नाव त्यातून वगळलं. जाहिरातवाले अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन न्यायालयात गेले. 2016 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला. फलकावर काय लिहिलंय याच्याशी त्या नियमाला कर्तव्य नव्हतं, हा त्यातला कळीचा मुद्दा.

आपल्याकडे नेमकं हेच जमत नाही. क्लासच्या फ्लेक्सवर कारवाई होते आणि शेजारच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे कुणी मान वर करून बघत नाही. फ्लेक्सवर चेहरा कुणाचा आहे ते बघून हात उचलायचा असेल तर नियम टिकत नाही, कोर्टातही आणि लोकांच्या मनातही.

बाहेरची उदाहरणं कशाला, बेकायदा फलकांविरुद्ध राज्यभर गाजलेली जनहित याचिका आपल्या शेजारच्या साताऱ्याचीच आहे. सुस्वराज्य फाउंडेशननं 2011 मध्ये ती दाखल केली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2017 च्या निकालात बेकायदा होर्डिंग-बॅनरवर कारवाईचे आणि नागरिकांच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्याचे आदेश दिले. अर्जात या निकालाचा दाखला जरूर द्या.

प्रश्न : उचललेल्या गाड्यांचं पुढे काय होतं? आमच्या पोलीस ठाण्यामागे त्यांचा ढीग पडलाय. – निवृत्त शिक्षक, कुपवाड

मालक सापडला तर दंड आणि खर्च भरून घेऊन जातो. सापडला नाही आणि प्रकरण न्यायालयापुढे गेलं, तर जाहीरनामा निघतो, हक्क सांगायला सहा महिन्यांची मुदत असते, मग लिलाव. ही कागदपत्रं वेळेत हलली नाहीत की ढीग वाढतो. पावसाळ्यात त्या टायरांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो, म्हणून तुम्ही मलेरिया विभागाकडेही तक्रार करू शकता. टायरांना भोकं पाडून घेणं हे एका दिवसाचं काम आहे.

प्रश्न : 2019 च्या महापुरात माझी व्हॅन बुडाली. इंजिन गेलं, दुरुस्तीला पैसे नव्हते, ती गल्लीच्या तोंडाशी तशीच राहिली. ओळखीच्या एकानं महिना पाचशे रुपये देऊन तिच्यावर दुकानाचा बोर्ड लावला. आता नोटीस आली आहे. मी काय करू? – एक वाचक, सांगलीवाडी

त्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे किती जणांचा संसार पाण्यात गेला ते मी पाहिलंय. तुमच्यावर रागावणं मला जमणार नाही. पण ते पाचशे रुपये घेतल्यापासून ती व्हॅन पूरग्रस्ताची गाडी राहिली नाही, भाड्यानं दिलेला फलक झाली. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. खरं ते लिहा, बोर्ड उतरवल्याचा फोटो जोडा आणि गाडी हलवायला पंधरा दिवस मागा.

मग कायमचं मोकळं व्हा. गाडी वापरण्याजोगी उरली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकानं चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. चौदा दिवस केव्हाच गेले, तरी आता जा. भंगारवाल्याला रोखीनं देऊन टाकू नका. नोंदणी तुमच्या नावावर राहिली तर उद्या तिच्या चेसिस नंबरवर काही भलतं झालं की पोलीस तुमच्या दारात येतील. गाड्या भंगारात काढण्याच्या 2021 च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र गाडी घेतं आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतं. पुढे नवी गाडी घ्यायची झाली तर त्यावर करात सवलत मिळू शकते, आणि ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.

आरसी, म्हणजे नोंदणी पुस्तक, हरवली असेल, पुरात अनेकांची गेली, तर आधी दुय्यम प्रत काढा. तिच्याशिवाय पुढचं काहीच हलणार नाही.