'बॉण्डॉ' म्हणजे बंधन नव्हे!

प्रश्न : जावा बेटावरच्या एका शेतकरी खेड्याविषयीच्या लेखाचं भाषांतर करते आहे. मालमत्तेला जावानीजमध्ये जो शब्द आहे तो रोमन लिपीत 'बी-ए-एन-डी-एच-ए' असा लिहिलेला आहे. हा आपला 'बंध'च असून 'मालमत्ता म्हणजे बंधन' अशी त्यामागची भावना आहे, असं वाचनात आलं. ते बरोबर आहे का? आणि लेखात सगळीकडे 'मालमत्ता' हा एकच शब्द वापरला तर चालेल का?

उत्तर : बरोबर नाही. ऐकायला गोड आहे, म्हणून कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही, एवढंच. एखादा परका शब्द दिसला की त्याला संस्कृत मुखवटा चढवायचा आणि वर वेदान्त ओतायचा, ही खोड आता आवरायला हवी. शब्द संस्कृतच आहे, पण भलताच.

जावानीज रोमनमध्ये लिहिताना 'डीएच' ही जोडी महाप्राण 'ध'साठी नसते, मूर्धन्य 'ड'साठी असते. नुसता 'डी' म्हणजे दंत्य 'द'. इंडोनेशियातल्या फार थोड्या भाषा 'द' आणि 'ड' वेगळे ठेवतात, जावानीज त्यातली एक. शिवाय शब्दाच्या शेवटी मोकळा 'आ' आला की त्याचा 'ऑ' होतो आणि आधीच्या अक्षरातला 'आ'ही बहुधा त्याच्यामागे जातो. 'जावा'ला तिथला माणूस 'जॉवॉ' म्हणतो. तेव्हा तुमचा शब्द उच्चारायचा 'बॉण्डॉ'. तुमच्या लेखकमहाशयांना हवा असलेला 'बंध'सुद्धा जावानीजमध्ये आहे. तो 'बॉन्दॉ', अर्थ हात बांधलेला. रोमनमध्ये त्यात 'एच' नाही. देवनागरीत हा फरक लख्ख दिसत असताना आपल्याच लोकांनी घोळ घालावा, याची गंमत वाटते.

आता 'बॉण्डॉ' कुठून आला? संस्कृत 'भाण्ड'पासून. जावानीजमध्ये 'भ'चा 'ब' झाला, 'ण्ड' तसाच राहिला. 'भाण्ड' म्हणजे नुसतं स्वयंपाकघरातलं भांडं नाही, तर व्यापाऱ्याचा माल, विकायला नेलेला ऐवज. मराठीत हा अर्थ 'भांडं'मधून गळाला आणि 'भांडवल'मध्ये जपला गेला. 'भांडवल' म्हणजे 'भाण्डमूल्य', मालाचं मोल. काही जण 'वल' हा प्रत्यय मानतात. कोणता प्रत्यय, आणि तो आणखी कुठल्या शब्दाला लागतो, हे मात्र सांगत नाहीत. स्वरांच्या मधला 'म' मराठीत 'व' होतो ही रोजची गोष्ट आहे : ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा. सुटं 'मूल्य' आलं तेव्हा 'म' शब्दारंभी होता, म्हणून 'मोल' झालं. 'भाण्ड'च्या पोटात आलं तेव्हा 'वल' झालं. प्रत्यय शोधत बसायची गरज काय?

आणि जावानीज 'बॉण्डॉ'चा आजचा बोलीतला अर्थ? भांडवलच! सुराबायाच्या 'पर्सेबाया' फुटबॉल संघाचे चाहते स्वतःला 'बोनेक' म्हणवतात. 'बॉण्डॉ' आणि 'नेकात' यांचा हा जोडसंक्षेप. नेकात म्हणजे बेधडक. खिशात दमडी नाही, भांडवल काय ते धाडसाचं. शेतकऱ्याच्या तोंडी 'बॉण्डॉ दॉन्यॉ' अशी जोडी येते. त्यातलं 'दॉन्यॉ' म्हणजे अरबीतून गेलेली आपली 'दुनिया', अर्थ ऐहिक धन. इंडोनेशियन भाषेतली जोडी 'हार्ता बन्दा'. हार्ता म्हणजे 'अर्थ', त्याला पुढे 'ह' चिकटलेला. बन्दा म्हणजे पुन्हा 'भाण्ड'. आता आपली 'मालमत्ता' उघडून बघा : अरबी 'माल' आणि अरबी 'मताअ', म्हणजे चीजवस्तू. ('मत्ता' संस्कृत समजून तिचा 'मत्त'शी संबंध लावणारेही भेटतात. त्यांना दुरून नमस्कार.) म्हणजे मुसलमान इंडोनेशियन माणूस आपल्या धनाला संस्कृत जोडशब्द वापरतो आणि मराठी माणूस अरबी! एक अंग किमतीचं, एक अंग वस्तूचं, ही जोडी दोन्हीकडे सारखी.

माझा आपला एक कयास आहे, पटला तर घ्या. 'भाण्ड' हा मुळात गलबतात भरायचा माल, म्हणून 'बॉण्डॉ'चा ओढा अजूनही हलवता येणाऱ्या वस्तूंकडे आहे. आणि जावाच्या खेड्यात घर हलतं! जोग्लो किंवा लिमासान पद्धतीचं जुनं घर लाकडात लाकूड अडकवून, खिळ्यांविना उभं केलेलं असतं. जोग्लोत मधोमध चार मुख्य खांब, 'सॉकॉ गुरु' (इथे गुरु म्हणजे मास्तर नव्हे, मुख्य). कौलं उतरवा, सांधे सोडवा, घर गाडीत घालून दुसऱ्या गावात उभं करा. त्यामुळे घर विकलं आणि जागा राखली, किंवा घर आपलं आणि खालचं परडं शेजाऱ्याचं, हे तिथल्या रूढीत सहज बसतं. जमीन आणि तिच्यावरचं घर, झाड यांचा मालक वेगळा असू शकतो. कोकणात जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची असतात, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

हं, तुमच्या भाषांतराचं राहिलंच. एकच 'मालमत्ता' चालणार नाही.

'सावाह' म्हणजे शेत लिहू नका. ते बांध घातलेलं, पाणी कोंडलेलं भातखाचर. 'तेगाल' ही कोरडवाहू जमीन. 'पकारांगान' म्हणजे अंगण नव्हे, घराभोवतीचं परडं : नारळ, केळी, फणस, बांबू, कासावा. खाचर नसलेलं कुटुंबही परड्यावर बरंच काही भागवतं, म्हणून हे वेगळं दाखवायलाच हवं.

नवराबायकोच्या धनाचे दोन भाग आहेत. 'गावान' म्हणजे ज्याने त्याने लग्नात सोबत आणलेलं ('गॉवॉ' म्हणजे आणणं). त्याला 'स्त्रीधन' म्हणू नका, ते नवऱ्याचंही असतं. 'गॉनॉ-गिनी' म्हणजे संसारात दोघांनी मिळून कमावलेलं. घटस्फोटात गावान ज्याचं त्याला परत, वाटणी होते ती गॉनॉ-गिनीची. जुना हिशेब 'सपिकुल सगेण्डोंग' : पुरुषाची एक कावड, बाईचं पाठीवरचं एक ओझं. कावडीला दोन टोपल्या, पाठीवर एक, म्हणजे दोनास एक. वारसाहक्कातही हेच प्रमाण सांगतात, पण प्रत्यक्षात मुलामुलींना समसमान वाटून देणारी घरं आहेत आणि त्या पद्धतीला वेगळं नाव आहे, 'दुनदुम कुपात'. 1974 च्या विवाह कायद्याने संसारातली कमाई दोघांची सामाईक ठरवली आणि 1991 च्या इस्लामी कायदासंहितेने घटस्फोटात निम्मी-निम्मी वाटणी सांगितली. तुमचा लेख कोणत्या काळाचा आहे ते पाहून आकडा लिहा.

'बेंगकोक' हा खरा सापळा. इंडोनेशियनमध्ये बेंगकोक म्हणजे वाकडा, म्हणून 'वाकडी जमीन' असं भाषांतर करणारे आहेत. जाणते लोक 'वतन' लिहितात, तेही चूकच. वतन पिढ्यान् पिढ्या चालायचं. बेंगकोक ही सरपंच आणि गावकामगारांना पगाराऐवजी पद असेपर्यंत कसायला दिलेली जमीन. पद गेलं की जमीन गेली. ती विकता येत नाही, पण खंडाने देता येते, आणि तिथेच गोची होते : जाणाऱ्याने पुढच्या हंगामांचा खंड आधीच घेतलेला असला की येणाऱ्याच्या हाती नुसते बांध. योग्यकार्ता भागात हिला 'पलुंगुह' म्हणतात, 'लुंगुह' म्हणजे बसणे. जमीन बसल्या जागेची! निवृत्त झालेल्याला निराळी जमीन मिळते. 2014 च्या गाव कायद्याने ठराविक पगार आणला आणि या जमिनी गावाच्या मालकीत मोजल्या जाऊ लागल्या. कामगारांनी गलका केला, आणि 2015 च्या नियमाने तिचं उत्पन्न जादा भत्ता म्हणून देण्याची वाट उघडली. तुम्ही 'पदाची जमीन' लिहा.

शेवटचं म्हणजे 'कुली कंचंग'. लेख जुन्या खेड्याचा असेल तर हा येणारच. हमाल लिहाल तर हसं होईल, 'कुळ' लिहाल तर अर्थ पार उलटा. कुली कंचंग म्हणजे खाचर, घर आणि परडं तिन्ही असलेला, गावाच्या वेठीचा भार पूर्ण उचलणारा पक्का गावकरी. कंचंग म्हणजे ताणून घट्ट. मराठीत याला जुना शब्द तयार आहे : मिरासदार. दुसऱ्याच्या परड्यात झोपडी घालून राहणाऱ्याला 'उपरी' म्हणा.