प्राचीन शिल्पांत पाठीच्या कण्याच्या इजेने आलेला लुळेपणा अचूक दाखवलेला आढळतो का?

होय, आढळतो, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आजच्या इराकमधील निनवे या अश्शूरी साम्राज्याच्या राजधानीत असुरबनिपाल राजाच्या राजवाड्यात इसवी सनपूर्व ६४५ च्या सुमारास कोरलेले व आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले मरणासन्न सिंहिणीचे उत्थित शिल्प, म्हणजे दगडी पाटीवर उठावाने कोरलेले चित्र. पाठीत बाण रुतलेली ही सिंहीण पुढच्या दोन्ही पायांवर अंग उचलून धरते, मान पुढे काढून गुरगुरते, आणि तिचे मागचे पाय मात्र जमिनीवर मागे फरफटत जातात. पाठीच्या मधल्या किंवा खालच्या भागात मज्जारज्जू, म्हणजे कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर, तुटला की नेमके हेच घडते, कारण पुढच्या पायांचे मज्जातंतू इजेच्या वरून निघत असल्यामुळे त्यांची ताकद शाबूत राहते, तर मागच्या पायांना मेंदूकडून संदेश पोहोचत नाही. पुढच्या पायांचे ताठ स्नायू आणि मागच्या पायांचे ढिलेपण शिल्पकाराने एकाच शरीरात वेगवेगळे दाखवले आहे, आणि ते प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज सुचणे मला अशक्य वाटते. तरीही यावरून अश्शूरी लोकांना मज्जारज्जूचे कार्य कळले होते असा निष्कर्ष काढू नये, कारण शिल्पात निरीक्षण आहे, कारणमीमांसा नाही. इजा आणि लुळेपणा यांचा संबंध लेखी हवा असेल, तर इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराचा इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस हा वैद्यकीय हस्तलेख पाहावा. मानेचा मणका सरकलेल्या रुग्णाला हातापायांची जाणीव राहत नाही व लघवी नकळत होते, असे त्यात स्पष्ट नोंदवले आहे.