इटालियन स्टिलेटो चाकू नवा असून कागदही नीट कापत नाही, म्हणजे माल बोगस आहे का?

नाही हो, फसवलेलं नाही. मूळ स्टिलेटो हे भोसकायचं हत्यार. जुन्या नमुन्यांना तर कित्येकदा धारच नसे, फक्त टोक. आजचे बटणाचे (बटण दाबताच पातं उघडणारे) स्टिलेटो इटलीत मुख्यतः मानियागो गावात बनतात, त्यांच्यावरही तीच छाप आहे. पातं अरुंद, मधे जाड, त्यामुळे धारेचा कोन बोथटच पडतो. दाढी होईल अशी धार हवी असेल तर स्वयंपाकघरातली सुरी घ्या.

मी पैसे देताना धार शेवटी बघतो. आधी उघडल्यावर पातं डुगडुगतं का, मिटल्यावर ते दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसतं का, आणि लॉक पक्कं आहे का, हे पाहतो.

धार लावायचीच तर बारीक दगडावर, हलक्या हातानं. मेन रोडवर फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर अजिबात देऊ नका! ठिणग्या उडाल्या की पातं तापतं, पाणी उतरतं म्हणजे पोलादाचा कठीणपणा जातो, पॉलिशवर ओरखडे येतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत पडते. बरेच जण मूळ धारेला हातही लावत नाहीत, मला तेच पटतं.

आणि हो, तो खिशात घालून नदीकाठी फिरायला जाऊ नका. पोलिसांना छंद समजावून सांगणं अवघड असतं.