ती कुठला भाग पुन्हा लावते?

“मॅडम, पोरगी रात्र रात्र खुनाचे पॉडकास्ट ऐकते आणि मग दिवा लावून झोपते. फोन काढून घेऊ का?” महिन्यातून दोन-तीन आया तरी हेच विचारतात.

माझं उत्तर ठरलेलं असायचं. भीतीमागचा विचार पकडा, पुराव्यावर घासून बघा. बहुतेकदा तो फुगवलेला निघतो. समुपदेशनाच्या या विवेकनिष्ठ पद्धतीवर माझा आजही विश्वास आहे.

भंडाऱ्याकडची एक नर्सिंगची विद्यार्थिनी याच कारणाने आली. (ओळख पटेल ते सगळं बदललंय.) दोन भेटी मी तिचा ‘अतिरेकी’ विचार तपासण्यात घालवल्या. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, खैरलांजी आमच्या गावापासून किती लांब आहे, माहीत आहे?”

मी गप्प. २९ सप्टेंबर २००६. एका दलित घरातली चार माणसं मारली गेली, त्यात आई आणि मुलगी. हिचा जन्मही त्याच वर्षीचा. शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा न्यायालयांनी लागू धरला नाही, हे तिला तोंडपाठ. यात फुगवलेलं काय होतं?

मग मी प्रश्नच बदलला. तो मला सुचला याचं, खोटं कशाला बोलू, समाधान वाटतं. “ऐकताना कुठला भाग पुन्हा लावतेस?” मला वाटलं, खुनाचा म्हणेल.

तिने इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. “पोलीस तक्रार लिहून राहिले असतात ना, तो. आमच्या आत्याला ठाण्यातून तीनदा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं.”

रात्रभर ती एवढंच ऐकत होती: कुणीतरी बाईचं म्हणणं लिहून घेतंय.

पुढे भीतीवर आम्ही फार बोललोच नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवायचं. अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्रारीत मुद्दाम कर्तव्य टाळणं हाही त्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मदतीला १४५६६ ही हेल्पलाइन आहे. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं.

तेव्हा आयांनो, फोन हिसकावू नका. अंथरुणात ऐकणं मात्र बंद, त्यात सूट नाही. दिवसा शेजारी बसून एक भाग ऐका आणि ती कुठे थांबते ते बघा.

गेल्या महिन्यात ती आत्याला घेऊन ठाण्यात गेली. दुपारी दोनला गेलेल्या दोघी प्रत हातात पडेपर्यंत बाकावरून हलल्या नाहीत. साडेसात वाजले म्हणे.