ज्येष्ठ रुग्ण रुग्णालयाच्या अभिप्राय फॉर्मवर सरसकट 'अतिशय समाधानी' लिहितात. मग त्यांचं खरं समाधान मोजायचं कसं?

मी काही वर्षं रुग्णालयात हेच फॉर्म भरून घेत होतो. माझं मत विचाराल तर 'समाधानी आहात का?' हा प्रश्न आधी काढून टाका.

एका आजोबांना डिस्चार्जच्या दिवशी पलंगाशेजारी बसून विचारत होतो. औषधं नीट समजावली का? "हो हो, उत्तम." पाचपैकी पाच. मी उठलो, तर त्यांनी उशीखालून गोळ्यांची पट्टी काढली आणि हळूच विचारलं, "ही जेवणाआधी की नंतर?" फॉर्मवर पाचाला गोल करून झाला होता.

ते खोटं बोलले असं नाही. नर्स मायेने वागली, दुखणं कमी झालं, त्याचे गुण त्यांनी औषधांच्या रकान्यात टाकले. शिवाय पुन्हा इथेच यायचंय हे मनात असतंच. वय जास्त तसे गुण जास्त, हे अनेक पाहण्यांत दिसलंय. अमेरिकेतल्या एचकॅप्स या रुग्णांचा रुग्णालयातला अनुभव विचारणाऱ्या सर्वेक्षणात तर रुग्णालयांची तुलना करताना रुग्णांचं वय हिशेबात धरून आकडे दुरुस्त करतात.

त्याच सर्वेक्षणातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. तिथे बरेच प्रश्न घडलेल्या गोष्टीवर असतात: नर्सने समजेल असं सांगितलं का? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. आणि रुग्णाला गाठतात ते घरी गेल्यावर, ४८ तास ते ६ आठवडे या काळात.

तयार प्रश्नावली हवी असेल तर १९९४ची पीएसक्यू-१८ आहे. अठरा विधानं, काही मुद्दाम उलट्या अर्थाची, म्हणजे सगळ्यालाच 'सहमत' म्हणणारा सापडतो. पण 'मला शंका वाटते' याला 'असहमत' म्हटलं की शंका आहे की नाही? मोठ्याने वाचून दाखवताना मीच गडबडलोय, पंच्याहत्तरीच्या माणसाचं काय होणार!

फॉर्म मुलाने किंवा सुनेने भरला असेल तर तशी खूण ठेवा आणि ती उत्तरं वेगळी मोजा. पार्किंगवर त्यांचा राग असतो, आजींना त्याचं काहीच नसतं. अक्षर मोठं ठेवा, हे सांगायला नकोच.

नंतर नंतर मी घरी फोन करून एकच जादा प्रश्न विचारायचो: "इथून गेल्यावर कोणती गोष्ट दुसऱ्या कुणाला विचारावी लागली?" सगळ्यात जास्त वेळा उत्तर यायचं, "गोळ्यांच्या वेळा."