पान्हा हाती घेण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

जुनी गाडी दारात आली असून येत्या रविवारी ती पूर्ण खोलणार असल्याचे तू कळवलेस, म्हणून लगेच लिहायला बसलो. तूर्त काहीही खोलू नकोस. पहिले काही आठवडे कॅमेरा आणि वही यांवरच भागव. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते, दाराच्या बिजागरीखाली किती चकत्या घातल्या आहेत, कोणत्या बोल्टला कोणते आटे आहेत, हे सारे गाडी जुळलेली असतानाच टिपता येते. अर्धवट खोललेल्या गाड्या पुढे खोक्यांतून विकल्या जाताना मी फार पाहिल्या आहेत आणि दर वेळी जीव हळहळला आहे.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन स्टार्टरने फिरवू नये. पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरच्या भिंतीला धरलेल्या असतात. झटका बसला की कडी तुटते आणि भिंतीवर ओरखडे उमटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोड, ते चार दिवस मुरू दे आणि मगच क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो इंजिनचा मुख्य दांडा, हाताने, अगदी हलके फिरवून पाहा. अडले तर जोर न लावता पुन्हा तेल घाल. बॅटरी जोडण्यापूर्वी टोके तपास, कारण १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत ऋण टोकाऐवजी धन टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेले असते.

इंजिन सुरू होण्याचा आनंद मोठा असला, तरी त्याआधी ब्रेक पाहायचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे चाकांजवळचे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. बाहेरून धडधाकट दिसणारी रबरी नळीसुद्धा आतून फुगून बंद झालेली असू शकते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज असते, तेव्हा तिथली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नकोस.

आता रंगाविषयी, कारण तुझा खरा उत्साह तिथे आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत नूतनीकरणापेक्षा जतनाला अग्रस्थान दिले आहे, आणि मला ते मनापासून पटते. तुझ्या वयाचा असताना मी एका गाडीच्या दाराचे आतले आवरण काढले. आतल्या पत्र्यावर खडूने लिहिलेला एक आकडा होता, घाईघाईत लिहिलेला, शेवटचा अंक किंचित खाली घसरलेला. थिनरचे फडके मी त्यावरून फिरवले आणि मगच लक्षात आले, की हे दार याच सांगाड्यासाठी बसवले होते, असे सांगणारी कारागिराच्या हातची ती एकमेव खूण होती. पुढे त्या गाडीला मी सुरेख रंग दिला; तो आकडा मात्र परत आणता आला नाही.

तेव्हा मूळ रंग जिथे धरून आहे तिथे तो राहू दे, फिका असला तरी. गंज मात्र थांबवलाच पाहिजे. एका चुंबकावर मऊ कापड गुंडाळून तो दाराखालच्या पट्ट्यांवरून, चाकांवरच्या कमानींवरून आणि फरशीच्या कडांवरून सावकाश फिरव. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी किंवा शिसे भरलेले आहे. शिसे सापडले तर लगेच कुणाला दोष देऊ नकोस, कारखान्यातही सांधे शिशाने भरत असत. फक्त ते कोरडे घासू नकोस, ती धूळ विषारी असते. अशा प्रत्येक जागेभोवती खडूने घेर आख आणि त्यांचे फोटो मला पाठव. ते पाहूनच पुढचे लिहीन.

तुझा,
एक जुना गाडीवेडा